महिन्याकाठचे मळभ

शाळेच्या वार्षिक अंकात परीक्षा, सहली, खेळ आणि बक्षीससमारंभ ह्यांविषयी लिहावे, फार तर सद्गुणांविषयी चार बोधाचे शब्द सांगावे, असा परिपाठ आहे. तो परिपाठ सोडून आज आम्ही एका अशा विषयाकडे वळत आहोत की, जो घराघरात महिन्यागणिक येतो, परंतु ज्याचा उच्चार बैठकीत होत नाही, वर्गात होत नाही आणि मंडळीत तर मुळीच होत नाही. तो विषय म्हणजे मासिक पाळी येण्याच्या आधीच्या दिवसांत कित्येक स्त्रियांच्या मनावर जे मळभ दाटते, ते होय. हा लेख मुलींसाठी व त्यांच्या मातांसाठी आहे. परंतु वडिलांनी आणि मुलग्यांनीही पान उलटून पुढे जाऊ नये, अशी त्यांस विनंती आहे. ज्या घरात एकीचे मन अंधारते, त्या घरात उजेड कोणाच्याच वाट्याला पुरता येत नाही.

आपल्या मराठी भाषेने पाळीच्या दिवसांस नावे देण्यात कंजूषी केलेली नाही. कोणी ‘कावळा शिवला’ म्हणते, कोणी ‘बाहेरची झाली’ म्हणते, कोणी ‘अडचण आहे’ एवढ्यावरच भागविते. जुन्या पुस्तकांत रजोदर्शन, ऋतुप्राप्ती असे भारदस्त शब्दही आढळतात. परंतु त्या दिवसांच्या आधी जो एक आठवडा येतो, त्यास मात्र आपण नाव दिले नाही. आठवड्याला नाव दिले नाही, म्हणून त्या आठवड्यात सापडलेल्या स्त्रीलाच नावे ठेविली. मुलगी रडली तर ती रडवी, तुटक बोलली तर तुसडी, कोपऱ्यात बसली तर एकलकोंडी. आणि हेच एखाद्या सुनेच्या बाबतीत घडले तर ‘तिचा स्वभावच तसला!’ महिन्यातील उरलेले तीन आठवडे ती हसतमुखाने वावरते, ह्याची नोंद सहसा कोणी घेत नाही.

हे आम्ही ऐकीव माहितीवरून लिहीत नाही. आमची पस्तिशी उलटली त्या सुमारापासून दर महिन्यास पाच-सहा दिवस आमच्या वाट्याला असे येऊ लागले की, पहाटे चारला जाग यावी आणि छातीवर कोणी पाटा ठेविला आहे असे वाटावे. शाळेच्या प्रार्थनेतील रोजचेच गीत, पण ते ऐकता ऐकता डोळे भरून यावेत. वर्गातील साधा गलबला कानांस बोचावा. पन्नास वह्यांचा गठ्ठा पुढे असावा आणि पहिल्या वहीची पहिली ओळ चार वेळा वाचूनही अर्थबोध होऊ नये. मधल्या सुट्टीत डबा उघडावा आणि तसाच मिटावा. इतक्या वर्षांत आपल्या हातून काडीचेही काम झाले नाही, आपण नसलो तरी कोणाचे काही अडणार नाही, असे विचार मनात येऊन ठाण मांडीत. मग एके दिवशी पाळी सुरू होई, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला पुन्हा चव येई. जणू काही झालेच नव्हते.

ह्या दुखण्याची सर्वांत कपटी गोष्ट कोणती म्हणाल, तर ते दर वेळी पहिल्यांदाच आल्यासारखे येते. ते दाटून आले म्हणजे मागच्या महिन्यातही असेच झाले होते आणि ते ओसरले होते, ही आठवणच राहत नाही. उलट हेच आपले खरे स्वरूप, मागचे आनंदाचे दिवस ही केवळ फसवणूक, असे मन ठासून सांगते. अंधाऱ्या मनाने अंधाराची मोजदाद करणे शक्य नसते. त्यासाठी मनाच्या बाहेर, कागदावर, काही असावे लागते.

तो कागद आमच्या हाती उशिरा आला. पहिल्या एका डॉक्टरांनी ‘बायकांना हे असायचेच’ असे म्हणून शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. पुढे एका डॉक्टरबाईंनी मात्र आधी रक्ताची व थायरॉइडची तपासणी करविली, आणि औषध देण्याऐवजी एक काम दिले. रोज रात्री निजण्यापूर्वी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या दिवसाची खूण करावयाची: मन ठीक असल्यास टिंब, उदास असल्यास एक फुली, फारच उदास असल्यास दोन, आणि पाळी सुरू होईल त्या तारखेस वर्तुळ. ज्याने वर्षानुवर्षे हजेरीपत्रक भरले आहे, त्याला हे काम अवघड नव्हते. तीन महिने संपले तेव्हा आम्ही तिन्ही पाने शेजारी शेजारी मांडून पाहिली. साऱ्या फुल्या वर्तुळाच्या अलीकडे पाच-सहा घरांत दाटीने उभ्या होत्या. वर्तुळाच्या पलीकडे दोन घरे ओलांडली की टिंबांची रांग लागली होती. तिन्ही महिने तेच. आमच्या स्वभावाविषयी आजवर जे कोणी काही बोलले होते, त्याहून त्या टिंबफुल्यांची साक्ष आम्हांस अधिक खरी वाटली. ज्या दुःखाचा शेवट तारखेने दाखविता येतो ते दुःख राहतेच, परंतु ते अनंत राहत नाही.

आता ह्यामागे शास्त्र काय सांगते तेही पाहू. दोन पाळ्यांच्या साधारण मध्यावर बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडते. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन नावाचा अंतःस्राव शरीरात वाढतो, आणि गर्भ राहिला नाही तर तो व त्याचा सोबती इस्ट्रोजेन हे दोन्ही झपाट्याने उतरतात. मग पाळी येते. ह्या चढउताराचा मनाशी संबंध असावा, हे न्यूयॉर्क येथील डॉक्टर रॉबर्ट फ्रँक ह्यांनी १९३१ साली एका निबंधात मांडले. १९५३ साली इंग्लंडात रेमंड ग्रीन व कॅथरिना डाल्टन ह्या दोन डॉक्टरांनी ह्या तक्रारींचा सविस्तर विचार करून त्यांस जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘पाळीपूर्व लक्षणसमूह’ असा होतो. तेव्हापासून पुष्कळ काळ समजूत अशी होती की, अशा स्त्रियांच्या शरीरात स्रावांचे प्रमाणच कमीअधिक असले पाहिजे. १९९८ साली अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने ती समजूत बदलली. हा त्रास असणाऱ्या कित्येक स्त्रियांचे अंतःस्राव औषधाने थांबविले तेव्हा त्यांची उदासी ओसरली, आणि स्राव पुन्हा दिले तेव्हा ती परतली. परंतु ज्यांस मुळात त्रास नव्हता, त्यांच्या मनावर तेच स्राव तेवढेच देऊनही परिणाम झाला नाही. म्हणजे स्राव सर्वांचे सारखेच. त्यांस मेंदू जो प्रतिसाद देतो, तो निराळा. घरात फोडणी पडते तेव्हा एकीला ठसका लागतो आणि शेजारी उभी असलेल्या दुसरीला लागत नाही. त्यात मिरचीचा दोष नसतो, आणि ठसकणारीच्या शीलाचा तर नसतोच नसतो.

ह्या त्रासाच्याही पायऱ्या आहेत. पाळीपूर्वी थोडी चिडचिड, थोडा थकवा, अंग जड होणे, हे बहुसंख्य स्त्रियांस होते, आणि त्यास रोग म्हणण्याचे कारण नाही. परंतु शंभरांत सुमारे दोन ते सहा स्त्रियांस हे इतके तीव्र होते की, अभ्यास, नोकरी, नातीगोती ह्यांत त्याने खंड पडतो. ह्या तीव्र स्वरूपास अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली नैराश्याच्या विकारांत स्वतंत्र स्थान दिले. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलात आलेल्या रोगसूचीतही त्याची गणना आहे. त्याचे निदान रक्त तपासून होत नाही. निदान दोन महिने रोजच्या रोज ठेविलेली नोंद हाच त्याचा पुरावा. कित्येकींच्या नोंदीत फुल्या महिनाभर विखुरलेल्या आढळतात आणि पाळीपूर्वी तेवढ्या अधिक दाट होतात. असे असेल तर मूळ दुखणे निराळे आहे आणि त्याचा उपचारही निराळा आहे, हेही त्या कागदावरूनच डॉक्टरांस कळते.

उपायांविषयी आमचा अनुभव सांगतो. पहिला उपाय म्हणजे त्या दिवसांची तयारी आधीच करून ठेवणे. पावसाळा येणार हे ठाऊक असलेला शेतकरी घर आधीच शाकारतो. त्याप्रमाणे जी तारीख आपणांस ठाऊक आहे, तिच्या आधी उत्तरपत्रिका तपासून होतील अशी योजना आम्ही करतो. त्या पाच दिवसांत कोणतेही मोठे पत्र पाठवीत नाही, राजीनामा लिहीत नाही, कोणाशी कायमचे तोडीत नाही. लिहिलेच तर पेटीत ठेवून पाळीनंतर वाचतो. घरातील एका माणसास स्पष्ट सांगून ठेवितो की, ‘आजपासून आमचे दिवस आहेत.’ एवढ्या एका वाक्याने घरातील निम्मे गैरसमज टळतात. निजण्याची वेळ मोडीत नाही, आणि मन कितीही नको म्हणाले तरी संध्याकाळी अर्धा तास चालून येतो. आहारात चुन्याचे म्हणजे कॅल्शियमचे प्रमाण योग्य असावे; रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेतल्याने ह्या तक्रारी बऱ्याच अंशी कमी झाल्याचे १९९८ सालच्या एका अमेरिकन प्रयोगात दिसून आले होते. दूध, दही, तीळ आणि आपल्या कोकणातील नाचणी ही त्याची स्वस्त भांडारे आहेत. गोळ्या घ्यावयाच्या तर मात्र डॉक्टरांस विचारूनच घ्याव्यात.

एवढ्याने ज्यांचे भागत नाही त्यांच्यासाठी औषधे आहेत. नैराश्यावरील जी औषधे मेंदूतील सेरोटोनिन ह्या द्रव्यावर कार्य करतात, ती ह्या विकारात उपयोगी पडतात. आणि एरवी त्यांचा गुण यावयास काही आठवडे लागतात, तर येथे तो पुष्कळदा काही दिवसांतच येतो. म्हणून कित्येक स्त्रिया ती महिन्याच्या उत्तरार्धातच घेतात. आम्हीही त्यांपैकीच आहोत. हे वाक्य पालकांच्या वाचनात येणार हे जाणूनच आम्ही ते लिहिले आहे. चष्मा लावून वर्गात येणाऱ्या शिक्षकाविषयी कोणास शंका येत नाही. औषध घेऊन येणाऱ्या शिक्षकाविषयीही ती येण्याचे कारण नाही.

ह्या ठिकाणी श्रद्धेचा प्रश्न उपस्थित होतो, आणि तो टाळणे आमच्यासारखीस शोभणार नाही. ‘तुमची प्रार्थना कमी पडते,’ असे एका वडीलधाऱ्या बाईंनी आम्हांस कळकळीने सांगितले होते. प्रार्थनेचे मोल आम्ही जाणतो, आणि त्या दिवसांतही, शब्द सुचेनासे झाले तरी, आम्ही गुडघे टेकतो. परंतु पवित्र शास्त्रातील एलीया संदेष्ट्याची कथा पाहा. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळविलेला तो पुरुष, दुसऱ्याच क्षणी रानात रतामाच्या झुडुपाखाली बसून मरण मागू लागला. तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही, अविश्वासाचा ठपकाही ठेविला नाही. दूताच्या हातून प्रथम भाकर व पाणी पाठविले, निजू दिले, पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातले. आणि मगच पुढची लांब वाट दाखविली. देहाची काळजी हीसुद्धा देवाने पाठविलेली सेवा आहे, हे आम्ही त्या कथेवरून शिकलो. तसेच बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या त्या स्त्रीचे. तिचे दुखणे निराळे होते; परंतु लाज तीच होती. नियमशास्त्राने अशुद्ध ठरविलेली ती स्त्री गर्दीत पाठीमागून येऊन गुपचूप वस्त्रास शिवली. प्रभूने तिला तसेच गुपचूप जाऊ दिले नाही. सर्वांदेखत तिला कन्या म्हणून संबोधिले. आपल्या महाराष्ट्रातही चोखोबांची पत्नी सोयराबाई ह्यांनी चौदाव्या शतकात विटाळाच्या कल्पनेस आपल्या अभंगातून निर्भयपणे प्रश्न विचारला होता. असे असता आज जी माता आपल्या मुलीस बाजूला बसविते, तिच्या अंथरुणाला व भांड्यालाही शिवत नाही, ती मुलीच्या मनावर आधीच असलेल्या ओझ्यात भरच घालीत असते.

पालकांस दोन गोष्टी विशेषेकरून सांगावयाच्या आहेत. पहिली ही की, मुलीची उदासी म्हणजे ढोंग नव्हे. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती अनियमित असते. मोठ्या स्त्रीत एकवीस ते पस्तीस दिवसांचे चक्र स्वाभाविक मानितात, तर कोवळ्या वयात ते पंचेचाळीस दिवसांपर्यंतही लांबू शकते. म्हणून मुलीच्या मनाची गती एकदम ओळखू येत नाही आणि नोंद अधिक धीराने ठेवावी लागते. दुसरी गोष्ट पहिलीच्या उलट आहे, आणि तीही तितकीच महत्त्वाची आहे. मुलीचा प्रत्येक राग पाळीच्या माथी मारू नये. भावाला दूध आणि तिला कोरा चहा मिळतो म्हणून ती संतापली, तर त्याचे कारण तिच्या अंतःस्रावांत शोधू नका. ते आपल्या स्वयंपाकघरात आहे. ‘तुझे दिवस जवळ आले वाटते,’ हे वाक्य सहानुभूतीने बोलले तर औषध होते, आणि तोंड बंद करण्यासाठी बोलले तर तो अन्याय होतो. रास्त तक्रार त्या आठवड्यात केली म्हणून ती गैर ठरत नाही.

शाळांनाही ह्यातून शिकण्याजोगे आहे. वर ज्यांचा उल्लेख आला त्या डाल्टनबाईंनी १९६० साली शाळेतील मुलींविषयी निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांत एक मौज अशी की, ज्या वडील मुलींकडे इतरांस शिक्षा देण्याचा अधिकार होता, त्या स्वतःच्या पाळीच्या दिवसांत अधिक शिक्षा देत असे त्यांस आढळले. तेवढ्यावरून सर्व स्त्रियांविषयी नियम बांधणे योग्य होणार नाही. परंतु ज्याच्या हाती शिक्षेचा अधिकार आहे त्याने, मग तो पुरुष असो की स्त्री, आधी आपल्या मनाचे आभाळ पाहावे, हा धडा आम्ही त्यातून घेतला. आमच्या पाच दिवसांत शिस्तीचा एखादा मोठा प्रश्न पुढे आला, तर त्याचा निकाल आम्ही त्याच दिवशी देत नाही. आणि कोणी म्हणेल की मुलींस सवलत देणे ही आजकालची फॅशन आहे, तर त्यास इतिहास निराळे सांगतो: पूर्वीच्या कोची संस्थानात त्रिपुणितुरा येथील मुलींच्या शाळेने १९१२ साली पाळी आलेल्या विद्यार्थिनींस वार्षिक परीक्षेच्या वेळी रजा देऊन परीक्षा मागाहून देण्याची मुभा दिली होती. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका शाळेस जे सुचले, ते आज सुचण्यास काय हरकत आहे?

आता सर्वांत गंभीर गोष्ट. कित्येकींच्या मनात ह्या दिवसांत जीव नकोसा झाल्याचे विचार येतात. मुलींनो, असा विचार आला तर तो एका रात्रीपुरताही एकटीने सांभाळू नका. आईस सांगा, आईस सांगता येत नसेल तर मावशीस, शिक्षिकेस, डॉक्टरांस सांगा. भारत सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलिमानस ह्या सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. पालकहो, मुलगी असे काही बोलली तर ‘पाळी आली की होईल ठीक’ म्हणून स्वस्थ बसू नका. ठीक होईल हे पुष्कळदा खरे असते. परंतु तोवर तिच्याजवळ कोणीतरी जागे असले पाहिजे.

विस्तार फार झाला. आता आवरते घेतो. येत्या जूनमध्ये नव्या इयत्तेसाठी नव्या वह्या घेतल्या जातील. त्यांत मुलींनी दहा-वीस पानांची एक लहान वही अधिक घ्यावी, तिच्यावर कोणत्याही विषयाचे नाव घालू नये, आणि रोज रात्री तीत एक टिंब किंवा एक फुली मांडावी. तीन महिन्यांनी ती वही आईबरोबर बसून पाहावी. तीत सारी टिंबेच निघाली तर देवाचे आभार मानावे; फुल्या निघाल्या तर त्या कोठून सुरू होतात आणि कोठे थांबतात ते पाहावे, आणि गरज असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. ज्या देवपित्याने दिवसाबरोबर रात्र आणि दोहोंबरोबर त्यांची मोजदाद दिली, तो आमच्या मुलींस ती मोजदाद ठेवण्याचा धीर देवो, आणि त्यांच्या घरच्यांस ती वाचण्याची समज देवो, अशी आमची प्रार्थना आहे.